हिंगणीचा रेझर

शेवटी नानाजी, म्हणजे रजतचे वडील, रोहण्यात जिवंत राहिले आणि वर्ध्यात मेले ते मेलेच. आता हे झालंच नाही, असं धरून चालू. रजतही तसंच धरून चालला आहे. रोज आंघोळ करतो, डबा भरतो, ऑफिसला जातो, आणि कोणी त्याच्या नाकाखाली बघायला लागलं की तो खिडकीबाहेर बघतो. खिडकीबाहेर सायकल स्टँड आहे. सायकल स्टँडवर एकही सायकल नाही. तर काहीच झालेलं नाही. लागून आलेल्या सुट्ट्या संपून ऑफिस उघडण्याची सकाळ आहे, वैशाखातलं ऊन आत्ताच न्हाणीच्या जाळीतून आत येऊन बसलंय, आणि रजत आरशासमोर उभा आहे, तोंडाला फेस लावून, हातात हिंगणीचा रेझर घेऊन, आणि त्याला मिशी आहे.

हिंगणीचा म्हणजे हिंगणीहून आणलेला. रजतकडे जुने सेफ्टी रेझर होते आणि त्यांना त्याच्यापुरती गावांची नावं होती. सेलूचा तीन तुकड्यांचा, पितळी, वरचं निकेल नेमकं अंगठ्याखाली झिजून गेलेलं. आष्टीचा, त्याच्या डोक्याला फणीसारखे दात. पुलगावचा, त्याची मूठ तळाशी फिरवली की डोक्याच्या दोन पाकळ्या उघडायच्या आणि पातं आत निजवायचं. हे सगळे एका स्टीलच्या डब्यात मोज्यांमध्ये गुंडाळून ठेवलेले असत. त्या डब्यात पूर्वी आईनं दिलेल्या शेवया होत्या. आई फोनवर विचारायची, शेवया पुरल्या का रे? तो म्हणायचा, हो, चांगल्या होत्या. ह्या छंदाबद्दल तो कोणाला बोलला नव्हता. नाणी जमवणारा माणूस नाणी दाखवतो, तिकिटं जमवणारा तिकिटं. पण रेझर कुठून आले हे सांगायची सोय नव्हती, कारण ते सगळे मेलेल्या म्हाताऱ्यांचे होते. जिवंत म्हातारा रेझर देत नाही. रजत कोणाच्या तरी ओळखीनं घरात जायचा, हार घातलेल्या फोटोसमोर बसायचा, चहा अर्धा झाला की हळूच विषय काढायचा, आणि पोरं सुना सुटल्यासारख्या म्हणायच्या, घेऊन जा बाप्पा, कोण वापरते आता. बदल्यात तो प्लॅस्टिकचा एक नवा ठेवून यायचा, पाच पात्यांचा. ते त्याला न्याय्य वाटायचं. घरी आल्यावर उकळत्या पाण्यात, मग साबणाच्या पाण्यात, मग जुन्या टूथब्रशनं दातादातातून घासून तो रेझर असा काही चकचकीत करायचा की त्यात म्हाताऱ्याचं काहीच उरू नये. पण मुठीवरची झीज राहायची. तिथं अंगठा ठेवला की अंगठा बरोबर बसायचा, आणि रोज सकाळी कोणीतरी एक परका म्हातारा त्याच्या गालावरून हात फिरवून जायचा. त्याला ते आवडायचं. आवडतं म्हणून लाज वाटायची, आणि लाज वाटते म्हणून तो दाढी जास्त चांगली करायचा.

चांगला रेझर दाबायचा नसतो. त्याला त्याचं वजन असतं, ते गालावर ठेवायचं आणि खाली येऊ द्यायचं. हिंगणीचा तर सगळ्यांत जड. त्याच्या मानेत एक फिरकी होती, तिच्यावर एकपासून नऊपर्यंत आकडे. एकवर पातं जेमतेम डोकावतं, नऊवर ते चक्क ओसरीवर येऊन बसतं. ही फिरकी नऊवर अडकलेली होती. हिंगणीचे म्हातारे जंगल खात्यात होते. त्यांच्या सुनेनं सांगितलं की मामंजींची दाढी फार राठ होती. सुट्टीत रोहण्याला येतो असं नानाजींना सांगून रजत हिंगणीला गेला होता, आणि मग ऑफिसात काम निघालं असं नानाजींना सांगितलं होतं, आणि ऑफिसात मी गावाला चाललोय असं सांगितलं होतं. दोन्हीकडे थोडं थोडं खोटं बोललं की मधला माणूस मोकळा राहतो, असा त्याचा अनुभव होता. उजवा गाल झाला. नऊवर असूनही पात्यानं काही कुरकुर केली नाही, फक्त बारीक करकर, वाळलेल्या कडब्यावरून साप जावा तशी. डावा गाल झाला. मिशीची कड नीट करावी म्हणून त्यानं रेझर उभा धरला आणि फोन वाजला. बेसिनच्या काठावर फोन थरथरत सरकायला लागला, पडद्यावर ‘बाबा’ आलं. एका हाताचं बोट हिरव्या गोलावर गेलं आणि दुसरा हात, जड, नऊवरचा, आपल्या वजनानं खाली आला.

“हॅलो, काय करून राह्यला?”

“आई गंऽ!”

एवढंच बोलणं झालं. मग फेसाळ बोटांनी फोन कटला. आरशात डावी अर्धी मिशी नव्हती आणि तिथं रक्ताचा एक थेंब होता, बाकी काही नाही. आता ह्यापुढचं कोणीही करतो तेच त्यानं केलं. डावीकडची गेली म्हणून उजवीकडची थोडी कमी केली, ती जास्त झाली म्हणून डावीकडचं उरलेलं, मग मधलं बरोबर करू गेला, आणि शेवटी नाकाखाली एक माशी बसल्यासारखं काहीतरी राहिलं. ते त्यानं उडवलं. तुरटी फिरवली. ओठ झोंबला. आरशातून एक पोरकं तोंड त्याच्याकडे बघत होतं. त्यात शनिवारी उकाडा म्हणून डोक्यावर मशीन मारून घेतली होती, तिच्याखाली टाळू चमकत होती. तरी त्याच्या लक्षात आलं नाही. चेहऱ्याचा तो मालक होता, आणि मालकाला घराचा अर्थ बाहेरून कसा दिसतो ते कळत नाही.

ऑफिसातल्यांना कळलं. ऑफिस सरकारी आहे. त्याचं नाव सांगितलं तर तिथला पंखा कोणालातरी दुरुस्त करावा लागेल, तेव्हा राहू द्या. रजत आत आला, डोक्याचा पांढरा दुपट्टा सोडला, खांद्यावर टाकला, आणि बंडोपंत उठून उभे राहिले. बंडोपंत हे मोठे बाबू. साहेब आले तरी ते अर्धेच उठत. आज ते पूर्ण उठले. मंजुषाबाईंचा टायपिंगचा आवाज थांबला. शिपाई प्रेमदासनं पाण्याची कळशी खाली ठेवली, तीही हळू. रोहण्यात, आणि रोहण्यातच कशाला, ह्या ऑफिसातल्या कोणाच्याही गावात, बाप जिवंत असताना पोरगा मिशी काढत नाही. शहरातल्या पोरांचं वेगळं, त्यांचे बाप मिशीवर अवलंबून नसतात. इथं बाप गेला की न्हावी येतो, आणि डोकं आणि मिशी एकदमच जातं. सफाचट ओठ दिसला की लोक विचारत नाहीत, हात धरतात. बंडोपंतांनी हात धरला. “नानाजी...” ते म्हणाले, आणि पुढचं क्रियापद सभ्यपणानं गिळलं. “सुट्टीत झालं का?”

इथं एक वाक्य बोलायचं होतं. ‘नाही हो, दाढी करताना घसरला.’ एवढं सोपं. पण ह्या वाक्याच्या मागे लगेच दुसरं उभं होतं, ‘असा कसा घसरला,’ त्याच्यामागे ‘दाखव बरं कोणता रेझर,’ त्याच्यामागे हिंगणी, जंगल खातं, फोटोला हार, शेवयांचा डबा आणि मोजे. ती सगळी रांग दारात बघून रजत गप्प राहिला. खाली बघितलं. खाली बघणं हे होकार द्यायचं सगळ्यांत स्वस्त साधन आहे. आणि नेमक्या त्या वेळी, बंडोपंतांचा गरम, घामट हात त्याच्या हातावर असताना, त्याच्या मनात जे आलं ते त्याला नंतर पुष्कळदा धुवून काढायचं होतं, उकळत्या पाण्यानं, टूथब्रशनं, दातादातातून. त्याच्या मनात आलं, आता तो रेझर आपला.

नानाजींचा रेझर. रजतनं पाहिलेला पहिला. पितळी, आखूड मुठीचा, काळपट पडलेल्या टिनाच्या डबीत. सकाळी गोठ्याच्या खांबाला आरसा लावून नानाजी पाटावर बसत. आरशाची कडी तुटली तेव्हा काही दिवस आरसा धरून उभं राहणं हे रजतचं काम होतं. तो आरशाच्या मागून बघायचा. आधी नानाजींना पांढरं तोंड यायचं, ते कोणाचंही असू शकायचं, सोंगाड्याचं, देवाचं, आणि मग एकेका पट्ट्यानं त्यातून बाप निघायचा. कोरड्या जमिनीतून बैलांचा डवरा जावा तसा आवाज. गाल आत घेऊन नानाजी ओठांच्या एका कोपऱ्यातून बोलायचे, “हालू नको बे. तू हाल्ला त माह्यं नाक जाते.” बापाचं नाक आपल्या हातात आहे, ह्या जबाबदारीनं रजतचे हात आणखीच हलायचे. मिशीला मात्र नानाजी कधी लागले नाहीत. आजोबा गेले तेव्हा एकदाच गेली होती, आणि तेव्हा रजत बापाला बघून रडला होता, आजोबांसाठी नाही, त्या उघड्या ओठासाठी. तो ओठ इतका नवा, इतका कोवळा होता, की बापाचं काहीतरी पाहू नये ते पाहिल्यासारखं झालं होतं. मोठेपणी, दोन-तीन रेझर जमल्यावर, एका दिवाळीत त्यानं मागितलाच. मला द्या ना बाबा तो, मी तुम्हाला नवीन आणतो. नानाजी पातं पुसत होते. म्हणाले, “मी मेल्यावर घेजो.” आणि हसले. आईपण हसली. रजतही हसला, पण त्याच्या आतल्या कोणीतरी ते वाक्य न हसता नोंदून घेतलं होतं, आणि आज तो आतला माणूस हात पुढे करून उभा होता.

दिवस चढत गेला आणि नानाजी मरत गेले. प्रत्येकजण येऊन त्यांना थोडं थोडं मारून गेला. वय काय होतं? शुगर होती का? एकदम गेले ते बरं, नाहीतर आमच्या मामांचं बघा. ‘बाप गेला तरी पोराचं टपाल अडलं नाही,’ असं बंडोपंत साहेबांना फोनवर सांगत होते, आणि रजत खरोखर टपालाला क्रमांक टाकत बसला होता, कारण मान खाली ठेवायला दुसरं कामच नव्हतं. मंजुषाबाईंच्या भाचीचा निकाल लागला होता. त्या पेढ्यांचा डबा घेऊन टेबलाटेबलावरून फिरल्या आणि त्याच्या टेबलापाशी येऊन थबकल्या. “तुम्हाला चालत नाही ना आता,” त्या हळूच म्हणाल्या आणि डबा पदराखाली घेतला. पेढा आवडीचा होता. सुतकाची ही बाजू त्यानं विचारात घेतली नव्हती. मग त्या थोड्या वाकल्या. “आईंचं कसं हो? सावरल्या का?” आणि रजतला एकदम आई दिसली. मनकर्णाबाई. ह्या वेळी ती तांदूळ निवडत असणार, किंवा शेजारणीशी भांडत. हातभर हिरव्या बांगड्या. सूप पाखडताना त्या सगळ्या एकदम खाली यायच्या आणि एकदम वर जायच्या. त्यानं नुसती मान खाली घालून त्या फोडल्या होत्या. तिला न विचारता, भर ऑफिसात, एका पेढ्याच्या बदल्यात, आणि तोही मिळाला नव्हता. “सावरते आहे,” तो म्हणाला. आवाज भरून आला. मंजुषाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. हे त्याचं पहिलं खरं रडू होतं आणि तेही खोट्या खात्यावर जमा झालं.

तेवढ्यात टेबलावर फोन थरथरला. ‘बाबा.’ दोघांनीही ते अक्षर वाचलं. मंजुषाबाई दचकून मागे झाल्या.

“आई असेल,” रजत म्हणाला. “त्यांचा फोन आता आईकडे असतो.”

“घ्या ना मग.”

“रडते ती. इथं नको.”

फोन पुन्हा वाजला. पुन्हा. मेलेला माणूस इतका चिकाटीनं फोन करतो हे बघून प्रेमदासही टेबलाभोवती घुटमळायला लागला. “उचला ना भाऊ, माय माउली हाय,” तो म्हणाला. रजतनं फोनचा आवाज घालवून तो ड्रॉवरमध्ये टाकला. ड्रॉवर बंद केला तरी लाकडातून घूं घूं येत राहिलं, एखादा भुंगा आत कोंडावा तसं. रजत फाइलवर कोपर दाबून बसला. त्याला ठाऊक होतं, नानाजी एकदा काळजीला लागले की थांबत नाहीत. सकाळी पोरगा ‘आई गं’ म्हणून ओरडला आणि फोन कटला. त्यानंतर उचलतच नाही. अशा वेळी माणूस काय करतो ह्याचा रजतनं पुढं जाऊन विचार करायला पाहिजे होता. तो मागे जाऊन विचार करत होता. मिशी किती दिवसांत येते. न्हाव्याला विचारलं तर न्हावी म्हणेल, कधी झालं.

जेवणानंतर बंडोपंतांनी शोकसभा ठेवली. त्यांना त्याची हौस होती. ऑफिसात कोणाचं लग्न असलं तर ते आहेराच्या पाकिटावर नाव टाकून मोकळे होत, पण मयत असली की त्यांच्यात उत्साह संचारायचा. मधल्या हॉलमध्ये सगळे उभे राहिले. पंखा चालत नव्हता हे सांगितलंच आहे. बंडोपंतांनी नानाजींना कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे बोलायला मोकळीक होती. “नानाजी हे अत्यंत कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ आणि शिस्तप्रिय व्यक्तिमत्त्व. त्यांच्या जाण्यानं रोहणा परिसरात पोकळी...” रजत खाली बघत होता. चपलांच्या रांगेत त्याचे बूट होते. त्याला वाटलं, ह्यातलं एक वाक्य तरी नानाजींबद्दल आपण कधी बोललो का. मनमिळाऊ. ते होते, म्हणजे आहेत. कर्तव्यदक्ष नाहीत, पिकाला पाणी द्यायचं सोडून भजनाला जातात. आपण असतो तर काय बोललो असतो? गाल आत घेऊन बोलतात, असं बोललो असतो. “आता दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या,” बंडोपंत म्हणाले आणि मनगट वर करून घड्याळ बघू लागले.

आणि दारात नानाजी आले.

खांद्याला कापडी थैली, थैलीतून डब्याचं झाकण डोकावलेलं, टोपी घामानं डोक्याला चिकटलेली. पुलगावला गाडी बदलून, स्टँडवरून उन्हात पायी, पोराला काय झालं म्हणून. आत सगळे डोळे मिटून उभे दिसले, तसे नानाजी दारातच थांबले. वहाणा काढल्या. थैली भिंतीला टेकवली. आणि हात जोडून, मान खाली घालून, ते उभे राहिले. कोण गेलं ते त्यांना माहीत नव्हतं, पण कोणीतरी गेलंय एवढं कळायला माहिती लागत नाही. हॉलमध्ये डोळे उघडे होते ते दोघांचे, घड्याळ बघणाऱ्या बंडोपंतांचे आणि रजतचे. रजत बापाकडे बघत राहिला. त्याच्या बगलेतून घाम खाली ओघळत होता आणि तो ओघळ कुठं कुठं जातो हे त्याला स्पष्ट कळत होतं. हाडं दिसणारे हात, जोडलेले. बोटात तांब्याचं वेढं. त्याला लहानपणीच्या आरशाची आठवण झाली, पण आता मध्ये आरसा नव्हता. मग नानाजींनी मान थोडी वर केली, पोरगा शोधला, पोरगा सापडला, धड आहे, उभा आहे, हे बघून त्यांचा श्वास सुटलेला रजतला दिसला. छाती खाली गेली. आणि मग त्यांची नजर पोराच्या ओठावर आली. तिथं थांबली. तिथून डोक्यावर. पुन्हा ओठावर. पोराची मिशी गेलेली आहे. म्हणजे बाप गेला. नानाजींच्या तोंडावर एक साधा गोंधळ आला, हिशेब बरोबर आहे पण उत्तर चुकतंय असा. जोडलेला एक हात सुटला आणि हळूच स्वतःच्या हनुवटीला गेला. हनुवटी होती. मग मिशीला. मिशी होती. मग तो हात परत दुसऱ्या हाताला येऊन मिळाला आणि नानाजी पुन्हा खाली मान घालून उभे राहिले, कारण वेळ अजून संपली नव्हती.

“ओम शांती शांती शांती:,” बंडोपंत म्हणाले. सगळ्यांनी डोळे उघडले. बंडोपंतांना दारातला म्हातारा दिसला. “आपण?”

नानाजींनी पोराकडे बघितलं, जसं माणूस परगावी रस्ता विचारताना बघतो. त्या बघण्यात काही मागणं नव्हतं. जे म्हणशील ते. रजतला अजूनही आठवतं की तोंड उघडलं तेव्हा त्याला ‘बाबा’च म्हणायचं होतं. ओठ त्या अक्षरासाठी मिटलेसुद्धा होते.

“काका,” रजत म्हणाला. “माझे काका.”

हॉलमध्ये हळहळ झाली. एखादं जड पोतं कोणी न सांगता पाठीवर टाकावं, आणि माणसानं पाय थोडे फाकवून ते घ्यावं, तसं नानाजींनी ते घेतलं. “हो जी,” ते म्हणाले. “मी लायना. नानाजी मोठे.”

“भावासारखे भाऊ दिसता हो अगदी,” बंडोपंत गहिवरले. “कसं झालं? त्रास झाला का?”

“नाई जी, तरास कायचा. पोरासंग फोनवर बोलून राह्यले होते. बोलता बोलता गेले.”

मंजुषाबाईंनी पदर तोंडाला लावला. “आणि वहिनी?”

“तिले अजून सांगतलं नाई,” नानाजी म्हणाले. मघाशी ‘सावरते आहे’ ऐकलेल्या मंजुषाबाईंनी रजतकडे बघितलं, पण बंडोपंतांनी कोणाला बोलू दिलं नाही.

“बरं केलंत,” बंडोपंत म्हणाले. “धक्का सोसायचा नाही.” आणि त्यांनी नानाजींच्या खांद्यावर हात ठेवून त्यांचं, त्यांच्याच जाण्याबद्दल, बराच वेळ सांत्वन केलं. नानाजी मान हलवत होते. प्रेमदासनं पाणी आणलं. नानाजी ते प्याले आणि पेला परत देताना म्हणाले, “चांगला माणूस होता जी तसा. थोडा आळशी.” हे त्यांनी बंडोपंतांना सांगितलं, रजतकडे न बघता.

स्टँडवर सावलीला एक बाकडं मिळालं. दोघं बसले. थैली मधे. शिटी वाजवत एक गाडी आली, पाटी बघितली, ती रोहण्यावरून जाणारी आर्वीची नव्हती. नानाजींनी डबा काढला, त्यात भाकर होती, कांदा होता, कैरीचं लोणचं होतं. “तुह्या मायनं देल्लं. फोन नाई उचलत म्हणे, उपाशी असन.” त्यांनी भाकर मोडून अर्धी पुढे केली. सुतकात बाहेरचं चालत नाही, पण घरचं चालतं. रजतनं घेतली.

“काऊन काढली?” कांदा फोडत नानाजी म्हणाले.

“काढली नाही. हात घसरला. जुना रेझर होता.”

“मी फोन केला तवा?”

“नाही. आधीच.”

“मंग ठीक हाय,” नानाजी म्हणाले. आपल्या हातून झालं नाही एवढंच त्यांना पाहिजे होतं, आणि एवढं तरी रजतनं त्यांना दिलं, हेही खोटंच. नानाजींनी लोणच्याची फोड चोखून कोय बाजूला ठेवली. “तो बामन बरा बोलला माह्याबद्दल. कर्तव्यदक्ष म्हंजे काय असते?”

“काम वेळेवर करणारा.”

“मंग दुसऱ्याच कोनाची सभा होती ते.” ते हसले. रजतलाही हसू आलं, त्याचं हुंदक्यासारखं काहीतरी झालं, तर नानाजी पलीकडे बघू लागले. पोराचा तो उघडा ओठ थरथरत होता आणि ते त्यांना बघायचं नव्हतं. “बाबा, मी आत्ता जातो आणि सांगतो,” रजत म्हणाला. “चला माझ्यासंग. मी सगळ्यांसमोर सांगतो.”

“कायले? बाई रडली ना बिचारी. आता तिले काय सांगशीन, उगीच रडली म्हणून?” नानाजी उठले. आर्वीची गाडी लागत होती. खिडकीतून टोपी टाकून त्यांनी जागा धरली, मग दारातून चढले, मग टोपी उचलून तिच्या जागी बसले. रजत खिडकीखाली उभा राहिला. नानाजींनी गजावर हात ठेवला. “मिशी आल्यावरच येजो घरी. अशानं आला त तुह्यी माय दारातच पडन. अन् गावातले लोक...” ते थांबले. “गावात मी हावो ना अजून.” गाडी हलली. त्यांनी हात केला नाही. गेलेला माणूस करत नाही, किंवा डबा आवरत असतील.

दुसऱ्या दिवशी रजत ऑफिस उघडायच्या आधी दारात होता. ओठाच्या वर एक काळी धूळ आली होती, तिला हात लावायचा नाही म्हणून त्यानं दाढीच केली नव्हती. बंडोपंत आले, कुलूप निघालं, उदबत्ती लागली, आणि ती विझायच्या आत तो त्यांच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिला. रस्ताभर त्यानं वाक्य घोटून घोटून गुळगुळीत केलं होतं. “सर, माझे बाबा जिवंत आहेत.”

बंडोपंतांनी चष्मा काढला. उठले. पूर्ण उठले. टेबलाला वळसा घालून आले आणि त्याला जवळ घेतलं. त्यांच्या सदऱ्याला कापराचा वास होता. “आहेतच,” ते म्हणाले. “माझेही आहेत. आपण आहोत तोवर ते कुठं जातात?”

“तसं नाही सर. खरंच आहेत. काल जे आले होते ते...”

“हो. चेहरेपट्टी तीच. होतं असं. मला माझ्या चुलत्यांत वर्षभर वडील दिसायचे.” त्यांनी त्याच्या पाठीवर थोपटलं. “शिवाय शोकप्रस्ताव कालच साहेबांकडे गेला. जावक क्रमांक पडलाय. आता मन घट्ट करायचं.” आणि त्यांनी प्रेमदासला हाक मारली, की रजतला चहा दे, बिनसाखरेचा नको, चांगला दे.

चहा चांगला होता. रजत जागेवर बसला. समोर कोरा कागद होता, आणि ऑफिसात वाढलेल्या माणसाला दुःख झालं की ते डाव्या बाजूला समास सोडूनच येतं. त्यानं पेन उचललं नाही. नुसता कागदाकडे बघत राहिला, आणि मजकूर आपोआप उतरत गेला. प्रति, मा. सक्षम अधिकारी. विषय: चुकीने पाळण्यात आलेली दोन मिनिटे परत मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराचे वडील हयात असताना त्यांच्या स्मृत्यर्थ या कार्यालयात दोन मिनिटे स्तब्धता पाळण्यात आली, व त्या वेळी सदर वडील स्वतः हजर राहून त्यांनीही ती पूर्ण पाळली. या मुदतीत त्यांनी कोणतीही हरकत नोंदविली नाही. तरी सदर दोन मिनिटे त्यांच्या आयुष्यातून वजा न धरता, आवश्यक त्या व्याजासह त्यांच्या नावे परत जमा करण्यात यावीत, आणि ती जमा झाल्याचे त्यांना कळेपर्यंत अर्जदार हा कोणाचाही मुलगा नाही असे समजून त्यास कामावर हजर राहू देण्यात यावे, ही विनंती.